भाचीच्या नावानं शिष्यवृत्ती काढायची आहे. कुणाला द्यावी, पैसे कुठं ठेवावेत?

प्रश्न थोडक्यात असा. घनसावंगी तालुक्यातले एक जिल्हा परिषदेचे शिक्षक विचारतात: त्यांच्या भाचीला मस्क्युलर डिस्ट्रॉफी होती, आठवीपासून व्हीलचेअर. बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना गेली. कॉलेजात जिन्याखालच्या मोकळ्या जागेत तिचा टेबल असायचा. तिथं बसून ती पोरापोरींचे शिष्यवृत्तीचे फॉर्म भरून द्यायची. वर्गातल्या एका अंध मैत्रिणीसाठी धडे मोबाइलवर वाचून ठेवायची. नातेवाईक, गावकरी आणि मित्रमंडळींनी मिळून 4 लाख 60 हजार रुपये जमवलेत. दरवर्षी पुण्यतिथीला कार्यक्रम घेऊन, परीक्षेत दिव्यांग मुलींमधून पहिल्या येणारीला रोख रक्कम द्यावी असं घरच्यांच्या मनात आहे. त्यासाठी ट्रस्ट काढावा का, पैसे कुठं ठेवावेत, आणि तिची बॅटरीवरची व्हीलचेअर घरात पडून आहे तिचं काय करावं?

गुरुजी, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मी लातूरला एका महाविद्यालयाच्या लेखा विभागात 27 वर्षं काढली. निवृत्तीनंतर एका लहान धर्मादाय ट्रस्टचा चिटणीस झालो, आणि आज असल्या नऊ स्मृतिनिधींचे हिशेब माझ्याकडं आहेत. त्यातले सात नीट चालू आहेत. दोन नावापुरते उरलेत. म्हणून मी जरा परखड लिहितो, राग मानू नका.

पैशाचं नंतर बघू. तुम्ही भाचीबद्दल जे लिहिलंय त्यात प्रत्येक ठिकाणी ती कुणाला तरी काहीतरी देतेय: फॉर्म भरून देतेय, वाचून देतेय, वाट सांगतेय. आणि शिष्यवृत्तीची जी योजना तुम्ही लिहिली, तिच्यात तिच्यासारखी मुलगी स्टेजवर उभी राहून, म्हणजे बसून, घेतेय. हार, पाकीट, फोटो. ज्या पोरीनं आयुष्यभर हात दिला तिच्या नावाचा निधी हात पसरणाऱ्यांची रांग लावणार असेल तर तो तिचा कसा म्हणायचा? मला इथंच खटकलं. बाकीचं सगळं पत्र मला पटतं.

पहिल्या नंबराची अट आमच्याकडंही होती. 2004 साली आमच्या ट्रस्टकडं पहिला निधी आला, पोलिओ झालेल्या एका मुलाच्या आठवणीत. बारावी सायन्सला दिव्यांगांमधून पहिला येणाऱ्याला बक्षीस. लातूर पॅटर्नचं गाव, मार्कांशिवाय दुसरं काही सुचायचंच नाही. पहिली तिन्ही वर्षं पैसे खाऊनपिऊन सुखी घरच्या, चांगल्या क्लासमधल्या मुलांना गेले. पोरांचा दोष काहीच नव्हता, त्यांनी अट पूर्ण केली. पण त्याच वर्षांत औसा तालुक्यातला एक मुलगा कॅलिपरचा, म्हणजे पायाला बांधायच्या आधाराचा, पट्टा तुटला म्हणून दीड महिना कॉलेजला आला नाही, आणि आमच्या निधीत त्या पट्ट्यासाठी द्यायला नियमच नव्हता.

चौथ्या वर्षी रेणापूरकडची एक मुलगी पहिली आली. दोन्ही पाय पोलिओनं गेलेले. सभागृहाचं स्टेज छातीएवढं उंच, बाजूला सात पायऱ्या, रॅम्पचा पत्ता नाही. आम्ही चौघांनी तिला खुर्चीसकट उचललं. एक पाय माझ्या हातात होता, खुर्चीचा. टाळ्या पडल्या, फोटो निघाले, दुसऱ्या दिवशी पेपरात छापूनही आले. आठवड्यानं ती चेक वटवायच्या कागदासाठी ऑफिसात आली आणि म्हणाली, "सर, मला उचलू नका म्हणून सांगितलं होतं मी. तरी उचललंच. खाली येऊन दिला असता चेक तर काय झालं असतं?" मला उत्तर सुचलं नाही. त्या वर्षापासून आमच्या एकाही निधीचा स्टेजवर कार्यक्रम होत नाही. पैसे खात्यात जातात आणि सोबत एक पत्र जातं. तुमच्या घरच्यांना पुण्यतिथीला काहीतरी करायचं असेल तर जरूर करा: चहा करा, तिच्या मैत्रिणींना बोलवा, आठवणी काढा. ज्याला पैसे मिळाले त्याला बोलवायची सक्ती तेवढी करू नका.

आता कुणाला द्यावी. माझं मत असं, की रकमेचे दोन वाटे करा.

मोठा वाटा एका दिव्यांग विद्यार्थ्याला किंवा विद्यार्थिनीला, वर्षातून दोनदा: जुलै-ऑगस्टमध्ये आणि जानेवारीत. मुलगीच हवी असं घरच्यांचं म्हणणं असेल तर तसं ठेवा, त्यात वावगं काही नाही. मार्क बघायचेच असतील तर पास एवढंच बघा. एखादा विषय राहिला म्हणून दुसऱ्या वर्षी पैसे थांबवू नका. आजारपणात, दवाखान्याच्या फेऱ्यांत विषय राहतातच, तुमच्या घरात हे मी सांगायला नको. आणि एकदा निवडलं की पदवी पूर्ण होईपर्यंत तेच लेकरू ठेवा. दरवर्षी नवा चेहरा शोधण्यात आपलं समाधान होतं, पण त्या पोराचं वर्ष दोन शिष्यवृत्त्यांच्या मधे लोंबकळतं.

निवडताना गरज बघा, आणि तिच्या जोडीला त्या मुलानं इतरांसाठी काय केलं ते बघा. इथं एक गोष्ट सांभाळून. "मदत करणारा विद्यार्थी" अशी अट घातली की एनएसएसच्या प्रमाणपत्रांचा आणि झाडं लावतानाच्या फोटोंचा गठ्ठा येतो. आम्ही अर्जात एकच प्रश्न ठेवलाय: गेल्या वर्षात तुम्ही कुणाला कशात मदत केली, आणि त्या माणसाचा फोन नंबर काय? मुख्याध्यापकांचं शिफारसपत्र मागत नाही, ज्याला मदत झाली त्यालाच फोन लावतो. निलंग्याच्या बाजूच्या एका पोरानं लिहिलं होतं, शेजारच्या आजीचे निराधार योजनेचे पैसे खात्यात आले का ते दर महिन्याला बघून सांगतो. मी फोन लावला. आजी म्हणाल्या, "त्याला कशाला बक्षीस? त्यो तर रोजच येतोय." पुढं मग पंधरा मिनिटं त्या त्याच्याबद्दल बोलत होत्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला दवाखान्यात कोण घेऊन गेलं इथपर्यंत. असं कुठल्या प्रमाणपत्रात लिहून येतं?

पण ही बाब जड धरा, अट करू नका. आपल्याकडं धडधाकट पोरगं उनाड असलं तरी त्याला फी माफी मिळते, आणि दिव्यांग पोरानं मात्र गुणी, समजूतदार, हसतमुख असलंच पाहिजे अशी आपली अपेक्षा असते. ज्या मुलाला घरातून बाहेर पडायलाच माणूस लागतो त्यानं कुणाला मदत केली असं विचारणं कधी कधी क्रूरपणाचं होतं. अशा अर्जात तो रकाना कोरा असला तरी अर्ज बाजूला टाकू नका.

दुसरा वाटा लहान, आणि माझ्या मते तुमच्या भाचीच्या नावाला जास्त शोभणारा. तो लेखनिकांसाठी, म्हणजे परीक्षेत दुसऱ्याचा पेपर लिहून देणाऱ्यांसाठी ठेवा.

तिनं मैत्रिणीसाठी धडे वाचले असं तुम्ही लिहिलंय, त्यावरून सुचलं. अंध मुलांना, हात चालत नाही अशांना परीक्षेत लेखनिक मिळतो, ताशी किमान 20 मिनिटं जादा वेळही मिळतो. केंद्र सरकारनं 2018 च्या मार्गदर्शक तत्त्वांत तसंच सांगितलं. पण मुलगा स्वतःचा लेखनिक आणणार असेल तर तो परीक्षार्थीपेक्षा खालच्या शिक्षणाचा लागतो. म्हणजे सापडतो कोण? बारावीतला एखादा पोरगा, नाहीतर पहिल्या वर्षाची पोरगी. तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो. त्यासाठी हा लेखनिक सकाळच्या एसटीनं येणार, स्वतःचं कॉलेज बुडवणार, दुपारी वडापाव खाणार आणि संध्याकाळी घरी जाऊन बोलणी खाणार. बहुतेक वेळा फुकट. ऐन परीक्षेत लेखनिक पळतो तो आळसानं नाही, भाड्याला पैसे नसतात म्हणून. दिव्यांगाला एसटीच्या तिकिटात 75 टक्के सवलत आहे, लेखनिकाला काय आहे? परभणीच्या एका अंध विद्यार्थ्याचा राज्यशास्त्राचा पेपर असाच हुकताना मी बघितलाय. गेटवर तो आणि त्याचे वडील उभे, साडेदहा वाजून गेलेले, आणि लेखनिकाचा फोन बंद.

म्हणून लेखनिकाला एका पेपरचे 300 रुपये द्या, त्यात जाणं-येणं आणि जेवण निघतं. 9,000 रुपये ठेवले तर 30 पेपर होतात. एका मुलाचे सहा पेपर धरले तर पाच मुलांची एक परीक्षा पार पडते. आणि लेखनिकाला निधीच्या नावाचं एक पत्र द्या. नाव तुमच्या भाचीचं, आणि पत्र हातात येणार ते मदत करणाऱ्याच्या. निकष ठरवताना मला जे म्हणायचं होतं ते या एका पत्रात बसतं.

एवढ्यात प्रश्न येईल की 40 टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र मागायचं का. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार सातावरून 21 केले, मस्क्युलर डिस्ट्रॉफी त्यात आहे, सिकलसेल आहे, थॅलेसेमियाही आहे. सरकारी सवलतींना 40 टक्क्यांची रेघ आहे, त्याला त्यांची कारणं आहेत. आपल्या खासगी निधीला ती रेघ कशाला? 2021 साली सर्वोच्च न्यायालयानं लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या एका उमेदवाराच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं, की लेखनिकाची सोय 40 टक्क्यांच्या आतल्यांनाही नाकारता येत नाही. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, असेल तर प्रत घ्या. नसेल, सिव्हिल हॉस्पिटलच्या बोर्डाची तारीख मिळायची असेल, तर दवाखान्याचा कागद पुरे. कार्डाची वाट बघत एक सत्र गेलं तर ते परत येत नाही.

अर्जाची वेळ. पुण्यतिथी डिसेंबरात आहे म्हणून अर्जही नोव्हेंबरात मागवायचा तुमचा विचार दिसतो. तसं करू नका. तुमच्या भागातली, आणि खाली बीड-धारूर-वडवणीकडची पुष्कळ कुटुंबं दसरा-दिवाळीला उचल घेऊन टोळीबरोबर ऊसतोडीला जातात. नोव्हेंबरात बाप सांगलीच्या नाहीतर कर्नाटकातल्या फडावर असतो, मागं आजी आणि लेकरं. उत्पन्नाचा दाखला कोण काढणार, बँकेत सही कोण करणार? पट्टा पडून, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपून, माणसं परत येतात ती उन्हाळ्यात. त्यामुळं अर्ज जूनच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत घ्या, पहिला हप्ता पोळ्याच्या आत द्या. अर्ज एकाच पानाचा, मराठीत, मोठ्या अक्षरात. ज्याला लिहिता येत नाही त्यानं व्हॉट्सअॅपवर आवाज रेकॉर्ड करून पाठवला तरी चालेल, असं अर्जावरच छापा. आमच्याकडं असा पहिला आवाज आला तेव्हा समितीतल्या एका सदस्यानं विचारलं होतं, सही कुठाय? आता विचारत नाहीत.

समिती तिघांची पुरते: घरचा एक, कॉलेजबाहेरचा हिशेब कळणारा एक, आणि एक दिव्यांग माणूस, शक्यतो शिकून नोकरीला लागलेला. तिसरा हवाच. वाढत्या वयात कॅलिपर लहान होत जातो हे आपल्याला ठाऊक नसतं, त्याला असतं. तुम्ही स्वतः समितीत बसू नका असं सुचवतो. गाव लहान, पाव्हणेरावळे फार, पुढच्या वर्षी मेहुण्याच्या साडूचा अर्ज आला की तुमची पंचाईत होईल.

आता पैसे. 4 लाख 60 हजारांसाठी नवा ट्रस्ट काढू नका. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा 1950 चा आहे. त्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंदणी, दरवर्षी हिशेब, ऑडिट, विश्वस्त बदलला की 90 दिवसांत बदल अर्ज, शिवाय आयकराची वेगळी नोंदणी आणि तिचं नूतनीकरण. ऑडिटरची फी, टायपिंग आणि जालन्याच्या खेपा यांत व्याजाचा मोठा भाग जाईल. उत्साहात काढलेल्या ट्रस्टची पाच वर्षांनी काय गत होते ते मी बघितलंय. अध्यक्ष पुण्याला मुलाकडं, सचिव वारले, पासबुक कुणाकडं आहे ते कुणालाच माहीत नाही.

त्यापेक्षा आधीच चालू असलेला, ऑडिट नियमित होणारा ट्रस्ट किंवा शिक्षणसंस्था बघा आणि त्यांच्याकडं हा निधी द्या. देताना एक पत्र द्या, आणि त्या पत्रात हे शब्द यायलाच पाहिजेत: ही रक्कम कायम निधीसाठी आहे, मुद्दल खर्च करायचं नाही, फक्त व्याज या या कामाला वापरायचं. हे लेखी नसलं तर ती साधी देणगी धरली जाते आणि संस्थेच्या रोजच्या खर्चात मिसळते. मघाशी म्हटलं ना, आमच्याकडच्या दोन निधींची नावंच उरलीत. त्यातला एक असाच गेला. पैसे एका संस्थेच्या सर्वसाधारण खात्यात ठेवले होते, वेगळी ठेव नव्हती. एका वर्षी पगार अडकले, तेव्हा वापरले गेले. चोरी कुणी केली नाही, परत मात्र कुणीच भरले नाहीत. म्हणून ठेव वेगळी, पावतीवर निधीचं नाव लिहिलेलं, आणि दरवर्षी तिच्या व्याजाचं एक पान तुमच्या घरी यायचं, असं करारात लिहा. निधी बंद करायची वेळ आली तर मुद्दल कुठं जाईल तेही आत्ताच ठरवा. नंतर ठरवायला कुणी सापडत नाही.

बँक कोणती? जादा व्याजाच्या आशेनं पतसंस्थेत नाहीतर मल्टिस्टेट सोसायटीत अजिबात ठेवू नका. मराठवाड्यात या विषयावर जास्त बोलायची गरज नाही, प्रत्येक गावात कुणाच्या तरी लेकीच्या लग्नाचे पैसे अडकलेले आहेत. बँकेतल्या ठेवीला एका ठेवीदारामागं एका बँकेत 5 लाखांपर्यंत विमा असतो, तो पतसंस्थेतल्या ठेवीला नसतो. तुमची रक्कम 5 लाखांच्या आत आहे, पण एक बारकावा बघा: त्या ट्रस्टच्या इतर ठेवी त्याच बँकेत असतील तर सगळ्या मिळून 5 लाख धरतात. ट्रस्टला विचारा आणि गरज पडली तर दुसऱ्या बँकेत ठेवायला सांगा.

साडेसहा टक्के व्याज धरलं तर वर्षाचे 29,900 रुपये येतात. सगळे वाटू नका. सहाएक हजार परत मुद्दलात टाका, नाहीतर दहा वर्षांनी हीच रक्कम बसच्या पासपुरती राहील. उरलेल्या 24 हजारांतले 15 हजार विद्यार्थ्याला, 9 हजार लेखनिकांना. घरच्यांना आकडा लहान वाटेल, मला माहीत आहे. 51 हजारांचं बक्षीस ऐकायला बरं वाटतं. पण त्यासाठी मुद्दल तोडावं लागेल आणि तेरा-चौदा वर्षांत निधी संपेल.

15 हजारांत काय होतं ते सांगतो. कुबडीच्या टोकाला रबरी टोपण असतं ना, ते झिजतं. आमच्याकडच्या एका मुलाची कुबडी मी हातात घेऊन बघितली होती. रबर झिजून आतली लोखंडी नळी बाहेर आलेली, टोक चमच्यासारखं घासलेलं. फरशीवर, त्यातून पावसाळ्यात, ती बर्फावर टेकवल्यासारखी सरकते. तो दोनदा पडला होता आणि घरी सांगितलं नव्हतं. एका टोपणाची किंमत चहा-नाश्त्याएवढी. दिव्यांगांना सायकल, कुबड्या, श्रवणयंत्र देणाऱ्या सरकारी योजना आहेत, शिबिरं होतात, कानपूरच्या अॅलिम्को या सरकारी कंपनीचं साहित्य येतं, ते चांगलंही असतं. पण ट्यूब पंक्चर झाली, श्रवणयंत्राचे सेल संपले, बॅटरी बसली तर पुढच्या शिबिरापर्यंत कोण बघतं? तुमचा निधी तिथं लावा. अंध मुलाला कॉम्प्युटर मिळाला असेल तर महागडं सॉफ्टवेअर घेऊन देऊ नका, एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, फुकट आहे आणि मराठीही वाचतो. त्याऐवजी तो शिकवणाऱ्याला चार रविवार बोलवायचा खर्च करा.

फी मात्र भरू नका. फीसाठी सरकारी योजना आहेत: राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर दिव्यांगांची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, केंद्राच्या पोर्टलवर वेगळ्या आहेत, तंत्रशिक्षणाला एआयसीटीईची सक्षम नावाची वर्षाला 50 हजारांची आहे. काही सरकारी शिष्यवृत्त्यांच्या नियमात एका वेळी दुसरी शिष्यवृत्ती घेता येत नाही. आपल्या 15 हजारांपायी पोराचे 50 हजार जायला नकोत, म्हणून अर्जदार कोणती शिष्यवृत्ती घेतोय ते आधी विचारा, तिचे नियम वाचा, आणि लागलंच तर रोख देण्याऐवजी वस्तू किंवा प्रवासखर्च द्या. उलट ज्याला या योजना माहीतच नाहीत त्याचा फॉर्म बसून भरून द्या. तुमची भाची जिन्याखाली तेच तर करत होती. तो टेबल कॉलेजला मागून घेता येईल का बघा. वर्षातून तीन महिने तिथं कुणीतरी फॉर्म भरून द्यायला बसलं, तर ते शिष्यवृत्तीपेक्षा मोठं काम होईल आणि त्याला जवळपास काहीच खर्च नाही.

पैसे सध्या तुमच्या बचत खात्यात आहेत असं दिसतं. हे लवकर उरका. नातेवाईक सोडून इतरांकडून वर्षभरात मिळून 50 हजारांच्या वर रक्कम आली तर ती सगळी तुमचं उत्पन्न धरली जाऊ शकते. कुणी किती दिले याची यादी, फोनपेचे स्क्रीनशॉट, रोखीच्या पावत्या एका फायलीत लावा आणि गावातल्या सीएला दाखवा. ज्यांना देणगीवर करसवलत हवी आहे त्यांना तुमच्या खात्यातून गेलेल्या पैशांवर ती मिळणार नाही. त्यांनी थेट ट्रस्टला दिलेलीच चालते, आणि रोख दिली तर 2,000 रुपयांपर्यंतच. ज्यांनी अजून दिले नाहीत त्यांना तरी आत्ताच ट्रस्टचं खातं सांगा.

नावाबद्दल एकच. फलकावर, पत्रकात "अपंगत्वावर मात करणारी" असलं काही लिहू नका. तो आजार मात करण्याजोगा नव्हता, तुम्ही तो घरात बघितलाय. दिव्यांग म्हणावं की अपंग, यावर माणसं तावातावानं भांडतात. सरकारी कागदाला दिव्यांग लिहावंच लागतं, फलकासाठी मात्र ती स्वतःला काय म्हणायची ते आठवा. मैत्रिणींना विचारा, त्यांना माहीत असेल. आणि फोटो लावायचाच तर तो टेबलावर वाकून फॉर्म भरताना कुणी काढलेला असेल तर तो लावा. स्टुडिओतला नको.

राहिली व्हीलचेअर. ताईंना, म्हणजे तिच्या आईला, ती घरातून हलवायची नाही असं तुम्ही लिहिलंय. हलवू नका, घाई कुणालाच नाही. पण तशीच ठेवली तर बॅटऱ्या जातील. अशा खुर्चीत सीटखाली बहुतेक 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात. लेड-अॅसिड प्रकारच्या असतील तर चार्ज उतरलेल्या अवस्थेत दोन-तीन महिने पडून राहिल्या की पुन्हा उभ्या राहत नाहीत, आणि नव्या जोडीला काही हजार मोजावे लागतात. महिन्यातून एकदा रात्रभर चार्जिंगला लावा. चाकांत हवा ठेवा, उंदीर वायरी कुरतडतात तेवढं बघा. पुढं कधी ताईंचं मन झालं तर ज्याला द्यायची त्याची बैठकीची रुंदी आधी मोजून घ्या. भाची सडपातळ असेल, तर ती सीट प्रत्येकाला बसेलच असं नाही, आणि अरुंद सीटवर दिवसभर बसलं की मांड्यांना जखमा होतात. जॉयस्टिक कोणत्या हाताला आहे तेही बघा, बहुतेक खुर्च्यांना उजवीकडची डावीकडं लावून मिळते.

चार्जर कुठं ठेवलाय तेवढं आज शोधून ठेवा. खुर्ची सापडते, चार्जर सापडत नाही.